तिसऱ्या ओळीतला उतार

योलिमाने खटका दाबला आणि एन्कार्नासियोनबाईंचा आवाज दोन स्पीकरांच्या मधोमध येऊन उभा राहिला.

स्पीकर नवे होते. बारीक सुरांचा छोटा कंप-पडदा खर्जाच्या मोठ्या पडद्याच्या पोटातच बसवलेला, त्यामुळे सगळा सूर एकाच बिंदूतून निघे. आतलं यंत्र बारांकियातल्या तिच्या स्टुडिओच्या चौकोनी खोलीचा घुमारा मोजून वजा करी. उरे ते निव्वळ गाणं.

बाई खुर्चीच्या कडेवर बसून ऐकत होत्या. वय सत्तरीपलीकडचं, मारियालाबाहाहून बसने आलेल्या. मांडीवर युक्का कंदाच्या वड्यांची पुरचुंडी.

"गाते छान," गाणं संपल्यावर त्या म्हणाल्या. "कुणाची पोर?"

हेर्मान हसला. रेकॉर्ड तो काढणार होता, आणि स्टुडिओचं निम्मं काम बोगोताहून त्याच्याकडूनच यायचं.

"मावशी, तुम्हीच आहात की! परवा गायलात तेच. योलिमाने सूर तेवढे सरळ केलेत."

योलिमाची मान खाली गेली. एकेक सूर यंत्रात ओढून तिनेच सरळ केला होता.

"वाकडं काय होतं त्यात?"

"तिसऱ्या ओळीत सूर घसरतो जरा. बाहेरच्यांना चूक वाटेल."

"माझं मला ऐकव गं, पोरी."

योलिमाने मूळ गाणं लावलं. तिसऱ्या ओळीला आवाज खाली उतरला, खरखरला, वर आला. बाई उठल्या.

"परत गाते. चूक असेल तर परत व्हायची नाही."

चपला काढून त्या काचेपलीकडच्या गाण्याच्या खोलीत गेल्या आणि स्वतःच टाळी धरून गायल्या. योलिमाने आधीची तिसरी ओळ आणि आत्ताची, एकावर एक ठेवून लावली. दोन्ही आवाज एकाच जागी उतरले, तेवढेच. मध्ये सुई शिरेल एवढीही फट नव्हती.

"बघितलंस?" बाई आतून म्हणाल्या. "घसरत नाही मी. उतरते."

हेर्मानने घसा खाकरला. "मान्य, मावशी. पण रेकॉर्डवर सरळ केलेलंच जाईल."

"नाही जाणार," योलिमा म्हणाली.

"काय?"

"हे यंत्र खोलीचा खोटेपणा काढतं, म्हणून मी ते घेतलं. तुम्ही बाईंचा खरेपणा काढायला लावलात, आणि मीही मुकाट्याने काढला. आता पुरे." त्याच्या डोळ्यांदेखत तिने सरळ केलेलं गाणं पुसून टाकलं.

"माझं एकही काम इथे येणार नाही यापुढे. कळतंय ना?"

"कळतंय. दार ओढून घ्या, थंडावा बाहेर जातो."

दार आपटलं.

"गेला का तो?" बाईंनी आतून विचारलं.

"गेला."

"मग ये इकडे. टाळीला कुणी नाही मला."

"मी काचेच्या अलीकडची, मावशी. मला कुठलं जमायला!"

"का? यंत्राला तुझी राखण लागते?"

योलिमाने रेकॉर्डिंग सुरू केलं, चपला काढल्या आणि आत गेली. बाईंनी तान घेतली. योलिमाची पहिली टाळी भलतीकडेच पडली. बाईंनी गाता गाता डोळे वटारले, पण थांबल्या नाहीत.

दुसरी बसली.