जावयाचे तेहतीस अनारसे

तांदूळ भिजत घातले तेव्हाच शकूताईंनी घरात जाहीर करून टाकलं, की यंदाही अधिकाचं वाण जावयालाच जाणार. जाहीर करायला घरात होतं कोण, तर एकटे कमलाकांत. त्यांनी पेपर खाली केला, चष्म्यावरून बायकोकडे पाहिलं आणि पेपर पुन्हा वर केला. चाळीस वर्षांच्या संसारात एवढी एक कला त्यांना चांगली साधली होती.

वन्सं मात्र गप्प बसणाऱ्यातल्या नव्हत्या. दादरहून त्यांचा फोन आलाच.

"शकू, लेक-जावई म्हणजे लक्ष्मीनारायणाचा जोडा, म्हणून वाण देतात. जोडाच राहिला नाही, तर वाण कसलं? देवळात देऊन टाक. आणि त्या विनीतचं तर लग्न ठरलंय ना?"

ठरलं होतं. साध्या तापाचं निमित्त होऊन चौतीस वर्षांची लेक प्राची पाच दिवसांत गेली, त्याला येत्या श्रावणात दोन वर्षं होणार होती. विनीत स्वतः ठाकूरद्वारला येऊन, मान खाली घालून, लग्नाचं सांगून गेला होता. मुलगी त्याच्याच ऑफिसातली, ऋग्वेदा नावाची. अधिक महिन्यात लग्नं लागत नाहीत, म्हणून मुहूर्त पुढच्या महिन्यातला धरला होता.

म्हणजे अधिक सरेपर्यंत विनीत शकूताईंचा जावई होता. पुढचा अधिक तीन वर्षांनी येणार, आणि तेव्हा त्याच्यासाठी तेहतीस अनारसे मोजून तळणारी सासू दुसरी असणार. हा एक महिना तेवढा हातात होता. त्याने वाण घेतलं तर तो अजून आपला, नको म्हणाला तर प्राचीबरोबर तोही गेला, असं शकूताईंनी मनाशी घट्ट धरलं होतं. माणसाने असं काही धरू नये, पण दुःखातल्या माणसाला हे कोणी सांगायचं?

"त्याला अवघडल्यासारखं होईल गं," कमलाकांत एकदाच म्हणाले.

"मग येणार नाही तो. मी काय ओढून आणणार आहे?" असं म्हणून त्यांनी लगेच विनीतला फोन लावला आणि रविवारी पाच वाजता यायला सांगितलं. तो क्षणभर थांबला, मग "बरं, आई" म्हणाला. त्या थांबण्यावर शकूताईंनी पुढचे आठ दिवस विचार केला.

गिरगावात अनारशांचं तयार पीठ हव्या त्या दुकानात मिळतं. शकूताईंच्या लेखी ते पीठच नव्हे. जुने जाडे तांदूळ तीन दिवस भिजले, रोज पाणी बदललं, चौथ्या दिवशी पंच्यावर पसरले. ओलसर होते तोवर दळून, चाळून, त्यात किसलेला गूळ मळून गोळे बरणीत गेले. सगळं नेहमीसारखं. फक्त बरणीचं झाकण लावताना त्यांचा हात थबकला, कारण गेल्या वेळची बरणी त्यांना आठवली.

गेल्या वेळी, तीन वर्षांपूर्वी, प्राची ऑफिसातून परस्पर इकडे आली होती. पर्स खांद्यावर तशीच, आणि थेट ओट्याशी येऊन उभी. तुपात अनारसा जाळीदार फुलत होता. प्राचीने हात पुढे केला.

"एक दे ना आई. गरम आहे तोवर."

"हात लावू नकोस! मोजून तेहतीस आहेत. जावयाच्या वाणातलं आधी कोणी खातं का?"

"मग एक जास्तीचा कर."

"पीठ संपलं. दिवाळीत करीन, तेव्हा खा पोटभर."

पीठ संपलेलं नव्हतं. बरणीत चांगला लिंबाएवढा गोळा शिल्लक होता. पण पाठ दुखत होती, पाच वाजत आले होते, विनीत येईल म्हणून घाई होती. प्राची "जावईच लाडका तुझा" म्हणून हसली आणि ताट पुसायला लागली. संध्याकाळी ते दोघं वाण घेऊन टॅक्सीने प्रभादेवीला गेले. दिवाळीत शकूताईंचे गुडघे धरले होते, अनारसे झाले नाहीत. पुढची दिवाळी आली तेव्हा खाणारी नव्हती.

हे त्यांनी कोणालाच सांगितलं नव्हतं. कमलाकांतांनाही नाही. एवढ्याशा गोष्टीचं काय सांगायचं? पण पोटच्या पोरीला मी एक अनारसा दिला नाही, हे त्यांच्या मनातून दोन वर्षांत एक दिवस गेलं नव्हतं.

रविवारी दुपारी त्या तळायला बसल्या. पहिलाच अनारसा तुपात सोडला आणि हसला. म्हणजे विरघळून कढईभर पसरला, त्याला हसणं म्हणतात. शकूताईंचा अनारसा कधी हसत नसे. गूळ जास्त पडला होता. तूप गाळून घेतलं, पिठात चमचाभर तांदळाचं पीठ मिसळलं, खसखशीवर नवा थापला. तो टिकला. मग एकामागून एक होत गेले. तेहतिसावा तांब्याच्या ताटात ठेवला तेव्हा पावणेपाच झाले होते.

विनीत मेट्रोने आला. बारीक झाला होता. शकूताईंनी त्याला पाटावर बसवलं, कुंकू लावलं, ओवाळलं. विणलेल्या रुमालाने झाकलेलं ताट, वर पेटवलेलं निरांजन, असं त्याच्यापुढे धरलं.

"घ्या विनीतराव. अधिकाचं वाण."

त्याने हात पुढे केले नाहीत. कमलाकांत खिडकीकडे बघू लागले.

"आई, आधी एक सांगू? रागावू नका."

"बोला."

"मी आजवर तुमचा एकही अनारसा खाल्लेला नाही."

शकूताईंनी पुढे धरलेलं ताट मागे घेतलं.

"मला खसखस चालत नाही. लग्नानंतरच्या पहिल्या अधिकात सांगणार होतो, तर प्राचीने मला चिमटा काढला. म्हणाली, सांगितलंस तर बघ, आई पुढच्या वेळी करणार नाही. सगळे तीच खायची. लॉकडाऊनमध्ये बाबा डबा घेऊन आले होते ना, तोही तिनेच संपवला. मी आपला दुसऱ्या दिवशी तुम्हाला फोन करून सांगायचो, फार छान झालेत."

"आणि गेल्या वेळी?" शकूताईंनी विचारलं.

"गेल्या वेळी तर टॅक्सीतच रुमाल काढला तिने. गरम आहेत अजून, म्हणाली. ऑपेरा हाऊस येईपर्यंत चार खाल्ले. साडीवर सगळी खसखस. उरलेले पुढे दहा दिवस चहाबरोबर. तेहतीसच्या तेहतीस."

कमलाकांतांनी पुढे होऊन ताट आपल्या हातात घेतलं. शकूताई जमिनीवर बसल्या आणि पदर तोंडाला लावून रडल्या. गरम खाल्ले होते पोरीने. एक नाही, चार. दोन वर्षं छातीवर होतं ते उतरलं, आणि ते उतरताच त्यांना कळलं, की तिन्ही अधिकांत आपण जावयासाठी म्हणून तळत होतो ते सगळं लेकीच्या पोटात जात होतं, आणि आजच्या ताटातलं तिच्या पोटात काही जाणार नाही. हे पहिलंच ताट होतं, जे खाणारं कोणी नव्हतं.

"म्हणून यावं की नाही, कळत नव्हतं," विनीत म्हणाला. "नेऊन करू काय, आई? घरी डबा उघडणार कोण?"

मग त्याने स्वतःच ताटातला एक अनारसा उचलला आणि खाऊ लागला. त्याला तो गिळवत नव्हता, स्पष्ट दिसत होतं. डोळ्यांतून पाणी येत होतं, ते खसखशीचं की कशाचं, कोण विचारणार?

"राहू दे रे. नको खाऊस." नऊ वर्षांत शकूताई त्याला पहिल्यांदाच असं एकेरीत बोलल्या.

"वाण आहे, आई," तो म्हणाला आणि उरलेला तुकडाही त्याने तोंडात टाकला.

कमलाकांतांनी पाणी आणून दिलं. निघताना तो दोघांच्या पाया पडला. बत्तीस अनारसे डब्यात भरून, डबा पिशवीत घालून शकूताईंनी त्याच्या हातात दिला.

"हे ऋग्वेदाला दे. तिला आवडतात का रे?"

"माहीत नाही. विचारलं नाही कधी."

"विचार. आणि पुढच्या अधिकात तिच्या आईने वाण दिलं ना, तर मुकाट्याने घे. तिच्या आईला माझा एक निरोप मात्र सांग." शकूताईंनी दाराची चौकट धरली. "म्हणावं, मोजणं राहू दे बाजूला. कढईतला पहिला अनारसा लेकीच्या हातावर ठेवा, गरम आहे तोवर."

विनीत हो म्हणाला आणि पिशवी सांभाळत जिना उतरला.