विवृत्ताची दुसरी नाभी

मंगळवारी सकाळी दहा वाजून चाळीस मिनिटांनी कांताबाईंच्या हातातून किल्ल्यांचा जुडगा काढून घेण्यात आला. भोकरदन तालुक्यातल्या एका खासगी शाळेत त्या अकरा वर्षं हंगामी शिपाई होत्या. त्यांना कायम करण्याचा प्रस्ताव महिन्यापूर्वीच गेला होता.

कामावरून काढल्याचं कारण मुख्याध्यापक बद्रीनाथ सरांनी तोंडी सांगितलं, तेही कांताबाईंच्याच शब्दांत आणि त्यांच्याच आवाजाची नक्कल करत.

"'मस्टरवर सही शाळेत, अन् भांडे सरच्या घरी. शुक्रवारी तपासनी आली की बिलकुल सांगून टाकते.' बराबर ना, कांता? का एखादा शब्द राह्यला?"

लिपिक राधेश्याम हसला.

शब्द एकही राहिला नव्हता. आदल्या दिवशी सभागृहातल्या बाकावर बसून कांताबाई हे कुजबुजल्या होत्या, फक्त ज्योत्स्नाजवळ. ज्योत्स्ना अकरावी-बारावीला तासिका तत्त्वावर गणित शिकवते. दोघी एकाच बौद्धवस्तीत राहतात. ज्योत्स्ना त्यांना मावशी म्हणते.

त्या वेळी सर बत्तीस फुटांवर होते आणि मान खाली घालून रजिस्टर तपासत होते.

ऑगस्टमध्ये ज्योत्स्ना अकरावीला शांकव, म्हणजे शंकू कापून मिळणारे वक्र, शिकवत होती. निमुळता मुळा आडवा कापून तिने वर्तुळ दाखवलं, तिरका कापून विवृत्त. सर दारात उभे होते.

"मॅडम, मुळा कापायला आमच्या घरीबी येतं. याचा उपयोग काय?"

पोरं हसली. ज्योत्स्नाने हेडलाइटच्या आरशातला अन्वस्त नावाचा वक्र सांगितला, डिश अँटेनाचा सांगितला. सर जांभई देत राहिले. तेव्हा तिने वर्ग उठवला आणि सगळ्यांना सभागृहात नेलं.

सभागृह लंबगोल आहे. नऊ वर्षांपूर्वी ते कांताबाईंच्या नवऱ्याने, संपत गवंड्याने आखलं. बत्तीस फुटांच्या अंतरावर दोन खुंट्या ठोकल्या, दोन्हींना चाळीस फुटांच्या दोरीची टोकं बांधली आणि दोरी ताणून धरत चुन्याची रेघ ओढली. खुंट्यांच्या त्या दोन जागा म्हणजे विवृत्ताच्या नाभी. एका नाभीवरचा आवाज भिंतीला कुठंही लागला तरी दुसऱ्या नाभीवरच पोचतो. त्यासाठी गिलावा गुळगुळीत लागतो. संपतचा होता.

ज्योत्स्नाने सरांना एका नाभीवर उभं केलं. दुसऱ्या नाभीवर अक्षता नावाची विद्यार्थिनी होती, भिंतीकडे तोंड करून.

"काहीही बोल. हळूच."

अक्षता कुजबुजली, "सरचा डाय उतरून राह्यला."

मध्ये उभ्या पोरांना काहीच ऐकू आलं नाही. सरांनी कपाळावरून हात फिरवला, बोटं पाहिली आणि मोठ्याने हसले. "जमलं बरं का, मॅडम. उपयोग हाये याचा."

दुसऱ्या दिवशी ऑफिसात उकडतं म्हणून त्यांनी टेबल सभागृहात आणवलं. ते एका नाभीवर लागलं. भेटायला येणाऱ्यांचा बाक दुसऱ्या नाभीवर गेला. दोन्ही कांताबाईंनीच ओढत नेले.

ज्योत्स्नाने ते पाहिलं. तिला ते समजलंही. पण तासिकेचं पत्र दर वर्षी सरांच्या सहीने निघतं. ती बोलली नाही. सोमवारी "मावशी, बाहेर चला" असं ती म्हणाली, पण तोवर कांताबाईंचं बोलून झालं होतं.

मंगळवारी संध्याकाळी ती त्यांच्या घरी गेली.

"या, मॅडम," कांताबाई म्हणाल्या. घरी त्या तिला कधी मॅडम म्हणत नसत.

ज्योत्स्नाने टेबल, बाक, भिंत, सगळं सांगितलं. कांताबाईंनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"म्हंजे तू न्हाई सांगितलं. भिंतीनं सांगितलं."

"हो, मावशी."

"अन् भिंत बांधली माझ्या नवऱ्यानं. अहो, ऐकलं का? चहाडखोर तुम्हीच निघाले."

संपत जेवत होता. त्याने हातातला घास ताटात ठेवला. "खुंट्या मीच ठोकल्या. पन आवाज जातो, हे मला कोनी सांगितलं न्हाई." मग त्याने ज्योत्स्नाकडे पाहिलं. "तुला ठाव होतं?"

"हो."

"कधीपासून?"

"ऑगस्टपासून."

कांताबाई उठल्या आणि त्यांनी दार पूर्ण उघडलं. ज्योत्स्ना बाहेर पडली.

बुधवारी सरांनी तिच्यासमोर एक टाइप केलेला जबाब ठेवला. कांताबाईंनी शाळेची बदनामी करण्याची धमकी दिली आणि ती ज्योत्स्नाने प्रत्यक्ष ऐकली, असं त्यात होतं. घरच्या भांड्यांचा उल्लेख नव्हता.

"मी ऐकलं म्हणलं तर लोकं विचारतील, एवढ्या लांबून कसं? तुम्ही तर शेजारी होत्या. कांता बोलली का न्हाई बोलली?"

"बोलल्या. पण..."

"मंग सही करायला काय होऊन राह्यलं?"

पुढच्या वर्षीच्या तासिकांचं पत्र जबाबाशेजारीच पडलं होतं. त्यावर सरांची सही व्हायची होती. ज्योत्स्नाने वाचून देते म्हणून जबाब घरी नेला. सरांनी शुक्रवारी अकरापर्यंत मुदत दिली.

गुरुवारी कांताबाई शाळेच्या फाटकापर्यंत आल्या होत्या. राधेश्यामने त्यांना आत सोडलं नाही.

शुक्रवारी दहा वाजून पन्नास मिनिटांनी तपासणी पथकाची गाडी आत आली. ज्योत्स्ना त्या वेळी वर्गावर होती. दुमडलेला जबाब तिच्या पर्समध्ये होता. त्यावर सही झाली आहे की नाही, हे अजून कोणी पाहिलेलं नाही.