सुई नसलेले मशीन

मित्रांनो, मी एक जुने शिलाई मशीन आहे. जुने म्हणजे वयाने. कामाने म्हणाल तर अजून कोरेच; माझ्याकडून आजवर एक टाकासुद्धा पडलेला नाही.

उल्हासनगरच्या एका दुकानात माझी जुळणी झाली. कारागिराने तेल घालून चाक फिरवले आणि हे मशीन एखादीचा संसार उभा करील, असे कौतुकाने म्हणाला. सरकारी अनुदानावर चालणाऱ्या एका मंडळाने मला विकत घेतले. गरजू बायकांना शिवण शिकवण्यासाठी त्यांची दोन केंद्रे होती, मांजर्लीला आणि अंबरनाथ पूर्वेला. मशिने मात्र एकाच केंद्राला पुरतील एवढी. तपासणीची तारीख आधी कळायची. त्या दिवशी टेम्पो आम्हाला आणि बायकांना एका केंद्रातून दुसऱ्यात, तपासणीच्या साहेबांच्या पुढे पुढे फिरवायचा. सुया केंद्रचालक हरेशभाईंच्या कपाटात असत. साहेब दारातूनच आवाज ऐकत, समाधान पावत आणि चहाकडे वळत. सुई नसली की मशीन जास्तच गोड वाजते.

त्या बायकांत एक स्वप्नाली होती. सकाळी मांजर्लीला ती स्वप्नाली असे, दुपारी अंबरनाथला तिथल्या यादीतली उमा. तिला खरोखरच शिकायचे होते; शिवण आली तर कारखान्यात नोकरी होती. एकदा ती दुसऱ्या संस्थेत नाव घालायला गेली. तिथे कॉम्प्युटरवर बघून सांगण्यात आले, की तुम्ही तर शिकून पास झाला आहात, सरकार एकाच बाईला दोनदा शिकवत नाही. तेव्हापासून माझ्यापुढे बसली की ती मधूनच मागे वळून बघायची. आपल्याआधी शिकून गेलेली ती दुसरी स्वप्नाली कुठे बसली आहे, ते.

यंदा तपासणीला वैदेही मॅडम आल्या. दुपारी अंबरनाथला त्या दारात थांबल्या नाहीत. सरळ माझ्यापाशी येऊन त्यांनी उसवलेली पिशवी पुढे केली.

"उमाताई ना तुम्ही? एवढी एक टीप मारून द्या."

स्वप्नालीचे पाय थांबले. मग एकेक करून सगळी पायडले थांबली.

"मॅडम, सेफ्टीसाठी सुया काढून ठेवतो आम्ही," हरेशभाई म्हणाले.

"मी उमा नाय, मॅडम," स्वप्नाली म्हणाली. "सकाळी मांजर्लीला बघितलंत ना मला? कागदावर पास आहे मी. टीप कशी मारतात ते कुणी शिकवलंच नाय."

चौकशी लागली. स्वप्नालीचे पास होणे रद्द झाले आणि त्या दुसऱ्या संस्थेने तिला घेतले. केंद्रांना सील लागले. मी पुरावा आहे, आणि पुरावा हलवायचा नसतो. त्यामुळे आयुष्यात प्रथमच मी एका जागी आहे, अंबरनाथच्या बंद हॉलमध्ये, गंजत.

पण दुपार झाली की माझे पायडल आपोआप खालीवर होऊ लागते. शेजारच्यांचेही. पाय दिसत नाहीत, भार मात्र जाणवतो. यादीतल्या ज्या बायका कुणी कधी पाहिल्या नाहीत, त्या हजेरीच्या फार पक्क्या निघाल्या.

परवा स्वप्नाली स्वतः शिवलेला ब्लाऊज घालून खिडकीशी आली. आतला आवाज ऐकून तिथेच खिळली. मग गजांशी तोंड नेऊन हळूच म्हणाली,

"उमा, तुला शिकवलं का गं कुणी?"

माझे पायडल थांबले. तिने खिडकीत एक सुई ठेवली आणि मागे न बघता गेली. पायडल पुन्हा सुरू झाले.

मित्रांनो, आमची काळजी वाटत असेल तर तपासायला न कळवता या. दारातून आवाज ऐकून परतू नका. आत या, एक टीप मागा. आवाजाचे काय, तो आत्ताही येतो आहे.