फोन कोणी ठेवला?

मी बोलतोय. आयुष्यभर दुसऱ्यांचं बोलणं इकडून तिकडे नेलं, स्वतःचं असं हे पहिलंच, तेव्हा अडखळलो तर सांभाळून घ्या. मी एक सिमकार्ड. अंगठ्याच्या नखाएवढा जीव, पाठ प्लॅस्टिकची आणि पोट सोनेरी. सोनं म्हणायचं आपलं. त्यात मुंगीची अंगठीसुद्धा व्हायची नाही.

जन्म कारखान्यात झाला. माझ्यासारखी हजारो भावंडं एका पट्ट्यावरून सरकत होती आणि कोणी कोणाला ओळखत नव्हतं. तिथून पाकिटात बसून मी कंपनीच्या दुकानात आलो. काचेखाली पडल्या पडल्या माणसं बघायची, एवढंच काम. माणसं आत येताना घाबरलेली असत आणि जाताना हातात नवं खोकं घेऊन हसत. मधल्या वेळात त्यांनी कशावर सह्या केल्या, हे बहुतेकांना आठवतही नसे.

एके दिवशी दोन भाऊ आले. थोरले काठी टेकत, धाकटे त्यांच्या कोपराला हात लावून. धाकटेही काही कोवळे नव्हते, साठी गाठली होती. पण थोरले त्यांना 'बारक्या' म्हणत आणि ते निमूट ओ देत. दोघांच्या बोटांना मशीनच्या तेलाचा वास होता.

"एकदा लावला की दिवसभर चालू राहील ना हो?" थोरल्यांनी विचारलं.

"दिवसभर काय काका, कितीही बोला. हिशेबच नाही," विक्रेता म्हणाला.

"बोलायचं फारसं नाहीये," धाकटे म्हणाले. "नुसता चालू ठेवायचाय."

विक्रेत्याने असं गिऱ्हाईक पाहिलं नसावं. त्याने पानं उलटत बोट ठेवलं, इथे सही, इथे सही. थोरल्यांनी चष्मा वर करून बारीक अक्षरं बघितली, तर तो म्हणाला, "ते सगळ्यांना सारखंच असतं." धाकट्यांनी सह्या केल्या आणि दोन वर्षांचा करार झाला. मधेच सोडला तर दंड. त्याच कागदात एक ओळ माझ्याबद्दलही होती: सिम वापरायला दिलंय, मालकी कंपनीचीच. म्हणजे राहायचं यांच्या घरी आणि मिठाला जागायचं कंपनीच्या. माझ्या दुखण्याचं मूळ तिथेच आहे.

या भावांचं शिलाई मशीन दुरुस्तीचं दुकान. एकाच बाकावर, एकमेकांच्या कोपराला कोपर लावून दोघांचा जन्म गेला. मग थोरल्यांचे गुडघे गेले. दुकानाला पायऱ्या, घरालाही पायऱ्या. त्यांच्या मुलीने त्यांना आपल्या गावी नेलं. तिथे लिफ्ट होती आणि तिने त्यांना गॅलरीत एक बाकही करून दिला. अर्धी हत्यारं घेऊन थोरले गेले. जाण्याआधी हा फोनचा बेत दोघांनी ठरवला.

सकाळी शटर वर गेलं की धाकटे फोन लावत, स्पीकर सुरू करत आणि मला, म्हणजे मी ज्याच्या पोटात होतो त्या फोनला, सुयांच्या डब्यांशेजारी फळीवर ठेवत. बस्स, दिवसभर तसंच. इकडे हातोडीचा आवाज, तिकडे कानशीचा. मधेच थोरले खोकत. मधेच धाकटे मशीन फिरवून म्हणत, "ऐक रे दादा." तिकडून उत्तर येई, "शटल कोरडं पडलंय. तेल घाल." पुन्हा तास तास काही नाही. गिऱ्हाइकांनाही सवय झाली होती. आत आल्यावर ती आधी फळीकडे बघून विचारत, "काय दादा, बरे आहात ना?" आणि फळी म्हणे, "हं."

मी कितीतरी मोठ्या गप्पा वाहिल्या असतील, पण ह्या गप्प बसण्याइतकं वजनदार काही वाहिलं नाही. मला त्याचा अभिमान होता.

त्या दोघांचा एक आपसातला करारही होता, तोंडी. थोरल्यांनीच तो सुचवला होता. ज्याला पुरे वाटेल त्याने न सांगता फोन ठेवावा. दुसऱ्याने कारण विचारायचं नाही, रागवायचं नाही आणि त्या दिवशी पुन्हा लावायचा नाही. "उगीच भीड नको," थोरले म्हणाले होते. "बाकावरून उठून जायला आपण कधी परवानगी मागितली होती?" तो नियम दोघांनी व्रतासारखा पाळला. तसा फोन ठेवायची वेळ क्वचितच येई, संध्याकाळी तेवढी.

आता काकूंबद्दल सांगतो. काकू म्हणजे धाकट्यांची बायको. पावत्या आणि गिऱ्हाईक त्या बघत. आठवड्यातून एकदा त्या फोन हातात घेऊन त्याचं तेल पुसत आणि त्याच बैठकीत आतली सफाईही करत. कंपनीचे संदेश म्हणजे त्यांच्या लेखी कचरा. आणि खोटं कशाला बोलू, होताच तो कचरा! आज हे फुकट, उद्या ते निम्म्यात. "आला मेला परत," म्हणत त्या एकेक पुसत. पुसून झालं की फोन कसा हलका वाटतो म्हणत.

तसाच एक संदेश आला. 'प्रिय ग्राहक, आपला अनुभव अधिक आनंददायी व्हावा म्हणून' अशी गोड सुरुवात. पुढे नव्या सोयींचं कौतुक. त्या कौतुकाच्या पोटात एक वाक्य: यापुढे कोणताही कॉल सलग एका तासानंतर आपोआप बंद होईल. आणि अगदी शेवटी, जिथवर कोणाचं बोट पोचत नाही तिथे: हा बदल मान्य नसल्यास महिन्याभरात कोणताही दंड न भरता करार रद्द करण्याचा आपणास हक्क आहे.

ते शेवटचं वाक्य वाचून माझं सोनेरी पोट गार पडलं. करार रद्द म्हणजे मी रद्द. मला कात्रीने कापतात की कचऱ्यात टाकतात, एवढाच प्रश्न. शनिवारी काकूंनी फोन घेतला, 'प्रिय ग्राहक' वाचलं आणि पुसून टाकलं. माझा जीव भांड्यात पडला.

हो, मला आनंद झाला. ते मी लपवणार नाही. मी तो संदेश आणून पोचवला होता, माझं काम झालं होतं. पुसला त्यांनी, त्यात माझा काय दोष? असं मी स्वतःला कितीदा तरी समजावलं. पण खाई त्याला खवखवे.

नवा नियम लागू झाला. पहिल्या दिवशी फोन तुटला तेव्हा कोणाच्या लक्षातही आलं नाही, कारण कोणी बोलतच नव्हतं. बऱ्याच वेळाने धाकटे म्हणाले, "ऐक रे दादा," आणि मशीन फिरवलं. फळी गप्प. त्यांनी वळून पाहिलं, फोन काळा. "थकला असेल आज," ते म्हणाले आणि नियमाप्रमाणे पुन्हा लावला नाही.

दुसऱ्या दिवशी तेच झालं आणि तिसऱ्या दिवशीही. तास झाला की मला वरून हुकूम यायचा आणि मी तो बजावायचो. एका क्षणापूर्वी थोरल्यांचा खोकला माझ्यातून येत असायचा आणि पुढच्या क्षणी काही नाही. धाकट्यांना वाटे दादाने ठेवला, तिकडे थोरल्यांना वाटे बारक्याने. विचारायचं तर नियमातच नव्हतं.

"घड्याळ लावून बसतो बघ," धाकटे एकदा काकूंना म्हणाले. "दादा आता तास मोजून भाऊपण करतो."

काकूंनी मान खाली घातली. त्यांच्या मनात वेगळंच होतं. काही दिवसांपूर्वी त्या गिऱ्हाइकाला म्हणाल्या होत्या, "दादांच्या खोकल्याने मीच दचकते." फळीवर फोन चालू होता. दादांनी ऐकलं असणार, असं त्या धरूनच चालल्या होत्या. धाकट्यांच्या मनातला काटा आणखी निराळा: त्यांनी दादांचं पाय ठेवायचं स्टूल, जुनं म्हणून, एका शिंप्याला देऊन टाकलं होतं आणि तेही फोन चालू असताना. दोघं नवराबायको एका दुकानात बसून आपापला अपराध वेगवेगळा जपत होती. फळीवरचा तिसरा गुन्हेगार मी. तोंडात मिठाची गुळणी धरून बसलेला.

मग सकाळचा फोनही उशिरा लागायला लागला. धाकटे म्हणत, "लगेच कशाला, तेवढंच त्याला ओझं." बोलणं कोरडं झालं. एकदा मशीन ऐकवलं तर थोरले म्हणाले, "तुला कळतंय की सगळं. माझं काय अडलंय." एका दुपारी पुतणीचा फोन आला. "काका, तुमचं भांडण झालंय का? बाबांनी हत्यारं पुसून पेटीत भरलीत. कोणाला तरी देऊन टाक म्हणतात. बाकावर आता कुंड्या ठेव म्हणाले."

धाकटे "नाही गं, भांडण कसलं," म्हणाले आणि हातातला पेचकस उगाच पुसत राहिले. त्या दिवशी त्यांनी एकही मशीन उघडलं नाही. मला वाटलं, आता तरी ओरडून सांगावं. पण मला आवाज दिलाय तो दुसऱ्यांचाच.

उलगडा झाला तो गणवेश शिवणाऱ्या बाईंच्या मशीनमुळे. मशीन टाके सोडत होतं आणि दुसऱ्या दिवशी माल द्यायचा होता. धाकट्यांना ते साधेना. शेवटी त्यांनी अभिमान गिळून विचारलं, "दादा, सांग ना." खूप दिवसांनी थोरल्यांच्या आवाजात जान आली. ते एकेक पायरी सांगायला लागले. "सुई खाली आण. आणलीस? आता स्क्रू ढिला कर, पण चाक सोडू नकोस बारक्या, सोडलंस तर—"

आणि तास भरला. मी तोडलं.

धाकटे एका हातात चाक, एका हातात पेचकस धरून तसेच उभे. "ठेवला," ते म्हणाले. त्यांचे डोळे भरून आले होते. "अर्ध्यात ठेवला."

"अहो, स्वतःचंच वाक्य अर्ध्यात टाकून कोण ठेवतं?" काकू उठल्या. "आपल्याला पुरे झालं तर माणूस गप्प बसून ठेवेल. हे काही खरं नाही."

"लावू नकोस. आमचं ठरलंय."

"तुमचं ठरलंय. मी कुठे सही केली होती?" म्हणत काकूंनी फोन लावलाच.

तिकडून थोरल्यांनी पहिल्या घंटेलाच उचलला. "चाक सोडलं नाहीस ना? आणि बाबा रे, एवढा कंटाळा आला असेल तर निदान काम तरी पुरं करून ठेवायचास!"

"मी ठेवला?" धाकटे ओरडले. "दादा, रोज तू ठेवतोस!"

मग थोरले हळूच म्हणाले, "मला वाटलं मी सारख्या चुका काढतो, त्याचा तुला जाच होतोय."

"मला वाटलं मी तुझं स्टूल दिलं ते तू ऐकलंस."

"कुठलं स्टूल? माझं स्टूल दिलंस?"

"दादा, मी तुमच्या खोकल्याबद्दल बोलले होते, ते—" काकू मधेच म्हणाल्या.

"कधी? काय बोललात?"

मग तिघंही हसली. धाकटे हसता हसता रडले आणि चाक मात्र त्यांनी सोडलं नाही.

मशीन उरकल्यावर काकूंनी कंपनीला फोन लावला. पलीकडच्या मुलीने पाठ केलेलं म्हटलं, "मॅडम, बदलाचा संदेश आपल्याला पाठवला होता." काकूंचा चेहरा उतरला. त्यांना शनिवार आठवला असणार. तरी त्यांनी विचारलं, "आणि तो बदल आम्हाला मान्य नसला तर?"

मुलगी आवाज खाली आणून म्हणाली, "हे आम्ही आपणहून सांगायचं नसतं, तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. महिन्याच्या आत दंड न भरता करार सोडता येतो. तुमची मुदत अजून आहे, पण थोडीच. आणि नंबर तुमचाच राहतो, दुसऱ्या कंपनीत नेता येतो."

धाकट्यांना ते पटेना. "सही केलीय मी. मोडायचं म्हणजे शब्द फिरवल्यासारखं होतं."

"शब्द त्यांनी फिरवला," काकू म्हणाल्या. "तुम्ही सही केलीत ती दिवसभराच्या फोनवर. तासाभराच्या फोनवर कोणी मागितली होती तुमची सही?" आणि मग खाली बघत म्हणाल्या, "तो निरोप मीच पुसला हो. न वाचता."

"तू पुसतेस म्हणून तर हा तेलकट फोन इतके दिवस चालला," धाकटे म्हणाले, "यापुढे मला वाचून दाखव आणि मग पूस."

त्यांच्यापुरता हिशेब तिथे मिटला. तिघांनी आपापलं कबूल करून टाकलं. माझं तेवढं राहिलं.

दुसऱ्या कंपनीच्या दुकानातून नवं सिम घेतलं. या वेळी पुतणीने फोनवरून करारातली प्रत्येक ओळ काकूंना मोठ्याने वाचायला लावली. विक्रेता जांभया देत बसला, पण काकूंनी पान उलटू दिलं नाही. मी फोनच्या पोटात बसून ऐकत होतो. मला वाईट वाटत नव्हतं असं नाही. पण आता सुटका व्हावी असंही वाटत होतं. त्या दोघांना रोज तोडण्यापेक्षा एकदाच तुटलेलं बरं.

एवढंच सांगणं आहे तुम्हाला. तुमच्याकडेही असे गोड निरोप येत असतील. पुसा, जरूर पुसा, बहुतेक कचराच असतो. पण पुसण्याआधी शेवटच्या ओळीपर्यंत जा. तिथे तुमचा हक्क लिहिलेला असतो, आणि तुम्ही तो वाचू नये अशी इच्छा असणारे माझ्यासारखे बरेच आहेत.

आता मी तुटक्या सुयांच्या डबीत आहे. नंबर माझ्यातून गेला, आवाज गेले, पण कान राहिले आहेत. शेवटच्या दिवशी माझ्यातून झालेलं बोलणं मी अजून घोळवतो. नवं सिम सुरू व्हायच्या आधी धाकट्यांनी फोन लावला होता.

"दादा, आज मधे थोडा वेळ बंद पडेल. मी ठेवलेला नसेल हं."

"माहितीये रे. तू कशाला ठेवशील?" थोरले म्हणाले. "मीही कधी ठेवला नव्हता."

खरं आहे, दादा. तुमच्यापैकी कोणीच ठेवला नव्हता. मी ठेवत होतो.