पुण्याचं विमान

"काका, घरी नको. आधी दवाखान्यात घ्या," गाडीत बसता बसताच अश्विनी म्हणाली. "वर्धा रोडवरच आहे ना तो? इथून जवळच असेल."

मोतीरामच्या हातातली तिची बॅग डिक्कीच्या काठावरच थांबली. नागपूरच्या विमानतळाबाहेर गाडी फार वेळ उभी करू देत नाहीत. मागून शिट्टीवाला शिपाई "चलो, आगे लो" करत होता. आणि मोतीराम बॅग धरून तसाच उभा. सौंसरहून इथं भाडं आणण्यात अर्धं आयुष्य गेलेल्या माणसाची ही गत!

तसे सौंसरात टॅक्सीवाले ढिगानं आहेत. पण घरात कोणी गेलं आणि लेक, जावई, भाऊ विमानानं यायचा असला की लोक मोतीरामलाच फोन करतात. कारण एकच. मोतीरामच्या तोंडाला कुलूप. येणाऱ्याला वाटेत सांगायचं नाही, घरी पोचल्यावर आपल्या माणसांत कळू द्यायचं, ही तिकडची रीत. येणारा एकटा, रस्ता लांबचा, वाटेत त्याला काही झालं म्हणजे? तेव्हा 'तब्येत जरा जास्त आहे' एवढंच म्हणायचं आणि गाडी हाकायची. हे वाक्य मोतीरामनं इतक्यांदा म्हटलं होतं की त्याची बायको उषा वैतागून म्हणायची, "तुमाले पायलं का लोकाइच्या पोटात गोळाच येते. लग्नाचं भाडं कधी भेटन हो तुमाले?"

आजचं भाडंही तसलंच होतं. अश्विनीचे वडील, पुंडलिकराव गुरुजी, काल रात्री गेले. तिच्या भावानं, भूपेंद्रनं, तिला फोनवर एवढंच सांगितलं होतं की तब्येत जास्त आहे, बाबा तुझी आठवण काढून राहिले, सकाळच्या विमानानं ये. आणि मोतीरामला बजावलं होतं, "रस्त्यानं काही बोलजो नको."

"दवाखान्यात नाहीत गुरुजी," मोतीराम शेवटी म्हणाला. "परवा सुट्टी देली. घरी आणलं आपण."

यात खोटं काहीच नव्हतं. परवा त्यानंच त्यांना घरी आणलं होतं. डॉक्टरनं 'आता घरी न्या' म्हटलं होतं, आणि त्याचा अर्थ थोरामोठ्यांना कळतो. पण अश्विनीला तो कसा कळावा?

"सुट्टी झाली?" ती पुढच्या सीटवर हात टेकून एकदम पुढे झुकली. "म्हणजे बरे आहेत!"

मोतीरामनं गाडी पुढे घेतली. दुसरं काय करणार?

आणि मग त्या पोरीचा जीव जो भांड्यात पडला! तीन वर्षं बापलेकीत बोलणं नव्हतं. तिनं पुण्यात आपल्या पसंतीनं लग्न केलं, गुरुजी लग्नाला गेले नाहीत. आरडाओरडा नाही, शिव्याशाप नाहीत. माणूस नुसता गप्प झाला. तिचा फोन आला की उठून अंगणात जायचा. अख्ख्या सौंसरला हे ठाऊक होतं. आज त्याच बापानं बोलावलं होतं, आणि तो बराही होता. तिनं नवऱ्याला फोन लावला. "अरे, सुट्टी झाली त्यांना! हो, घरीच आहेत. नको, तू आत्ताच नको येऊ. आधी मी एकटी जाते, राग गेला का बघते." फोन ठेवून ती हसली. रिंग रोड संपेपर्यंत तिची पुणेरी भाषा कुठच्या कुठं गेली आणि ती अगदी सौंसरची पोरगी झाली.

"काका, घरी काय करून राहिले असन आता ते? पेपर वाचत असन, नाही का?"

"हं."

"का रागवतीन माह्यावर?"

"नाही रागवत, पोरी," मोतीराम म्हणाला.

आजवर त्यानं रडती माणसं आणली, भेदरलेली आणली, देवाचं नाव घेत बसलेली आणली. हसत घरी जाणारं भाडं हे पहिलंच. आरशात बघायची त्याची छाती होईना. खरं तर त्याला भूपेंद्रचा राग येत होता, त्या रीतीचा येत होता आणि सगळ्यांत जास्त स्वतःच्या थोबाडाचा.

सावनेर आलं तशी ती म्हणाली, "काका, इथं थांबवा थोडं. पेढे घेते. बाबाले पेढे लय आवडते. आणि गल्लीतल्या लोकाइलेही देते ना, बाबा बरे झाले म्हणून."

गाडी थांबली. ती उतरली, पर्स काखेत मारून दुकानाच्या पायरीशी पोचलीसुद्धा.

मोतीरामच्या डोळ्यांपुढे गुरुजींची गल्ली उभी राहिली. बांबू, गवऱ्या, पांढरे रुमाल बांधलेली माणसं, आणि त्यांच्यामधून हातात पेढ्यांचा पुडा घेऊन हसत येणारी ही. लोक जन्मभर बोलतील. आणि लोकांचं जाऊ द्या, ही स्वतःला कधी माफ करील? तो दार तसंच उघडं टाकून धावला.

"अश्विनी, नको घेऊ."

"काहून? डायबिटिस थोडीच आहे त्यायले."

"नको घेऊ, माय." त्यानं तिच्या डोक्यावर हात ठेवला. "गुरुजी गेले. काल रातच्यालाच गेले."

दुकानदार तागडी हातात घेऊन बघतच राहिला. अश्विनी वळली, गाडीत जाऊन बसली आणि दार लावून घेतलं.

सावनेर मागे पडल्यावर संत्र्याची एक बाग लागली. कुंपणाला लागून सावली होती. तिथं मोतीरामनं गाडी बाजूला घेतली आणि खाली उतरून पाठमोरा उभा राहिला. आत ती रडली. तोंडात ओढणी कोंबून नव्हे, चांगली गळा मोकळा करून रडली. रस्त्यानं कापसाच्या गाड्या गेल्या, एक एस.टी. गेली. मोतीरामनं घाई केली नाही. गुरुजींच्या घरून दोनदा फोन आला तो त्यानं उचलला नाही.

बऱ्याच वेळानं काच खाली झाली.

"तुम्हाला विमानतळावरच माहीत होतं."

"हाव."

"मी हसत होते, काका. तुम्ही मला हसू दिलं."

"चुकलो, पोरी."

तिनं पाण्याची बाटली मागितली, तोंड धुतलं. मग त्याच्याकडे न बघता म्हणाली, "दादा म्हणाला, बाबा आठवण काढतात. ते खरं होतं, का तेही असंच? मला बोलावून घ्यायला?"

हा घाव मोतीरामच्या वर्मी बसला. 'हो, सारखं तुझंच नाव होतं तोंडात' म्हटलं असतं तर कोण विचारायला येणार होतं? एका शब्दाचं काम. पण सकाळपासून ज्यानं तिला खोट्यावर हसवलं, त्यानं आता खोट्यावर शांत करायचं? त्याच्यानं होईना.

"नाव नाही घेतलं," तो म्हणाला. "माह्यापुढं तरी नाही घेतलं."

तिनं मान हलवली.

"पर एक सांगतो. मागच्या हप्त्यात मी त्यायले दवाखान्यात नेऊन राहिलो होतो. वर्धा रोडवर एक विमान डोक्यावरून उतरलं, एकदम खाली. गुरुजी वाकून वाकून पाहून राहिले. मंग मले म्हणते, 'मोतीराम, तू तं नेहमी येतं इकडं. पुण्याचं विमान कधी येते?' मी म्हटलं, 'सकाळी येते गुरुजी.' ते 'बरं' म्हणाले. बस, एवढंच. तिथून दवाखाना येईपर्यंत ते वरच पाहून राहिले होते."

अश्विनीनं डोळे मिटले. पुन्हा रडली, पण या वेळी आवाज नव्हता. मग स्वतःच म्हणाली, "चला, काका. लोक थांबले असतील."

ती गल्लीत उतरली तशा बायांनी रीतीप्रमाणे एकच हंबरडा फोडला. ती मात्र ताठ चालत आत गेली. "बापासाठी डोयात पाणी नाही," ओसरीवरची एक बाई म्हणाली. भूपेंद्रनं बहिणीचा चेहरा पाहिला आणि त्याला कळायचं ते कळलं. बॅग घेऊन मागं येणाऱ्या मोतीरामला त्यानं दारातच अडवलं.

"तुले म्हटलं होतं ना मी?"

"म्हटलं होतं," मोतीराम म्हणाला.

भूपेंद्रनं त्याच्या हातातली बॅग घेतली आणि वाट सोडली. दहा माणसांत हे झालं. यापुढं असलं भाडं आपल्याला कोणी सांगणार नाही, हे मोतीरामला उमगलं. तो आत गेला तो गुरुजींच्या पाया पडायला.

गुरुजींना खाली निजवलं होतं. अश्विनी उशाशी बसली. त्यांच्या कपाळावरचे केस तिनं बोटांनी मागे सारले, वाकली, आणि त्यांच्या कानाशी तोंड नेलं. बायांचा आकांत चालूच होता. पायांवर डोकं टेकलेल्या मोतीरामलाच काय ते ऐकू आलं.

"बाबा," ती म्हणत होती, "सकाळचं असते पुण्याचं विमान. त्याच्यानंच आली मी."