पडद्याचा डावा कोपरा

जोडाक्षरं, काने-मात्रे आणि समास यांतच तिचा दिवस जायचा. पुस्तकांची पानं लावण्याचं काम ती घरूनच करायची, एका जुन्या, जाडजूड मॉनिटरवर. एके दिवशी तिला पानाचा डावा कोपरा मळकट दिसला. तिने चष्मा पुसला, पडदा पुसला. कोपरा तसाच.

पुढे तो मळकटपणा पसरत गेला. पांढरं पान पिवळट दिसायला लागलं, तशी ती धास्तावली. तिच्या आईची नजर साधारण याच वयात गेली होती, आणि तीही अशीच कडेकडेने. आई आता तिच्याकडेच राहायची.

तिने कुणालाच काही सांगितलं नाही. मॉनिटरचा उजेड होता तेवढा वाढवला, टेबल खिडकीपासून सरकवलं, वायर काढून पुन्हा घट्ट बसवली. फरक पडेना. मग तर वर्तमानपत्रही धूसर वाटायला लागलं.

"हल्ली गप्प गप्प असतेस," नवरा म्हणाला.

"काम तुंबलंय," म्हणून तिने वेळ मारून नेली. डॉक्टरकडे जायचं ती रोज ठरवायची आणि रोज टाळायची.

एका दुपारी आई तिच्याशेजारी मटार सोलत बसली होती. मध्येच हात थांबवून म्हणाली, "तुझं ते यंत्र हल्ली कुरकुरतं का गं?"

"कुठे काय? मला नाही ऐकू येत."

"बारीक शिट्टीसारखं वाजतं. बरेच दिवस ऐकतेय. आधी नव्हतं."

तिने मॉनिटर बंद केला.

"थांबलं," आई म्हणाली.

पुन्हा चालू केला.

"लागलं बघ."

ती उठली ती तडक मुलीच्या खोलीत गेली. मुलीचा लॅपटॉप आणून त्यावर तेच पान उघडलं. कोपऱ्यापर्यंत लख्ख पांढरं. एक डोळा झाकून पाहिलं, मग दुसरा. पांढरंच. तिला एकदम हुंदका फुटला.

"काय झालं गं?"

"काही नाही. मॉनिटर बिघडलाय."

"मग रडतेस कशाला?"

तेव्हा कुठे तिने सगळं सांगितलं. आईने हात पुसले आणि तिचा चेहरा चाचपला. "वेडी आहेस. मला विचारायचंस तरी. त्यातलं मला जरा कळतं." दोघी हसल्या.

दुरुस्तीवाल्याने मॉनिटर उघडला आणि टोकाला काळी पडलेली काचेची नळी दाखवली. "उजेड हिचा. म्हातारी झालीय. तिला वीज देणारी पट्टीपण कण्हतेय, आवाज तिचाच. नवाच घ्या ना."

"यावर पुस्तकाचं अख्खं पान मावतं. होत असेल तर हाच करा."

भंगारातल्या एका मॉनिटरची नळी आणि पट्टी जुळली. मॉनिटर घरी आला तेव्हा आईने आधी कान लावला, मगच पास केला.

तरी डोळे तपासायला आईने तिला नेलंच. नंबर थोडा वाढलाय, बाकी डोळे ठणठणीत, असं डॉक्टरीणबाईंनी सांगितलं. परतताना दोघी बागेतल्या बाकावर टेकल्या. समोर काय काय दिसतंय, आई विचारत होती. आणि ती सावकाश, काही न गाळता सांगत होती.