टबातलं तपकिरी पाणी

सकाळी नऊलाच हॉल गच्च भरायचा. भिंतीकडेने बारा खुर्च्या, प्रत्येकीपुढे प्लास्टिकचा टब, टबात मिठाचं कोमट पाणी आणि त्यात वायर लावलेली एक डबी. लोक पाय बुडवून बसत आणि दहा मिनिटांत पाणी पिवळं, मग तांबूस, मग थेट तपकिरी होई. जो तो शेजाऱ्याच्या टबात डोकावे. ज्याचं पाणी जास्त घाण, त्याची ऐट जास्त.

हात मागे बांधून जलतज्ज्ञ फेऱ्या मारी. ही पदवी त्याने स्वतःच स्वतःला दिली होती. "तपकिरी दिसतंय ते सांध्यातलं विष. हिरवट तवंग पित्ताचा. आणि हा फेस म्हणजे आतड्यात साचलेली घाण! गोळ्या ती आत दाबतात, मी तळपायांतून बाहेर ओढतो." आतड्यातून तळपायाकडे रस्ता नेमका कुठून जातो, हे विचारायची कोणाची छाती नव्हती. गोळ्यांसाठी एक खोकंच ठेवलेलं होतं. त्यात आपली पाकिटं टाकल्याशिवाय खुर्ची मिळत नसे.

कोपऱ्यातल्या खुर्चीत मुलामेवाले काका बसत. धातूवर विजेने मुलामा चढवण्यात त्यांची हयात गेली होती. बायको जाऊन तीन वर्षं झाली होती, मुलगी दूरदेशी, तिचा फोन रविवारी. गुडघे आणि घोटे सुजलेले, त्यात पोट बिघडलेलं. दिवसातून सात-आठदा संडासला पळावं लागे, कधी रक्तही पडे. मुलीला ते सांगत, "मी मजेत." दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं, "काका, ही दोन दुखणी नाहीत. आतड्याची सूज वाढली की सांधे सुजतात. गोळ्या मनाने सोडायच्या नाहीत." चार महिन्यांपूर्वी काकांनी त्याच गोळ्या जलतज्ज्ञाच्या खोक्यात टाकल्या होत्या.

गंमत अशी, की पाण्याचं बिंग त्यांना पहिल्याच दिवशी कळलं होतं. डबीतल्या लोखंडी पट्ट्या आणि तो ओळखीचा वास त्यांना फसवणं शक्यच नव्हतं. तरी ते गप्प राहिले. कारण शेवटी तिथली मदतनीस टॉवेलने पाय पुसायची, अगदी बोटांच्या बेचक्यांतूनसुद्धा, आणि विचारायची, "आज बरं वाटतंय ना?" अख्ख्या आठवड्यात त्यांना हात लावणारं दुसरं माणूस नव्हतं. या गोष्टीची त्यांना फार लाज वाटे.

त्या दिवशी शेजारच्या खुर्चीत शिवणकाम करणारी एक बाई आली. चेहरा पांढराफटक. काकांचं दुखणं ऐकून ती म्हणाली,

"मलाही पोटाचंच आहे, काका. मशीनवर पाय मारला की घोटा ठणकतो. गोळ्यांनी जरा उतार होता, पण..."

तोवर जलतज्ज्ञाने खोकं तिच्यापुढे धरलं. "टाका ताई. धीर करा!"

तिने गोळ्यांचं पाकीट हातात घट्ट धरलं. "काका, तुम्हाला गुण आलाय ना?"

सगळा हॉल त्यांच्याकडे पाहू लागला. टॉवेल घेऊन मदतनीसही उभी होती. काकांनी एकदा त्या टॉवेलकडे पाहिलं आणि पाय टबाबाहेर काढले.

"माझं पाणी बदला. ताजं भरा, मीठ टाका आणि पाय न घालता डबी चालू करा."

"छे! तिला शरीराची ऊर्जा लागते."

"मग पाणी स्वच्छच राहील की! घाबरता कशाला?"

कोणीतरी फिस्सकन हसलं. आता जलतज्ज्ञाला माघार घेणं अवघड होतं. पाणी बदललं, मीठ पडलं, डबी चालू झाली. दहा मिनिटांत पाणी पिवळं झालं, तांबूस झालं, तपकिरी झालं.

"पाय माझे बाहेर आहेत," काका म्हणाले. "मग हे विष कोणाचं? मिठाच्या पाण्यात वीज सोडली की लोखंड झिजतं आणि त्याचा गंज पाण्यात उतरतो. जन्मभर हेच काम केलंय मी. कोमट पाण्याने पायांना बरं वाटतं, ते घरच्या बादलीतही वाटेल. आणि गुण? गोळ्या सोडल्यापासून मी जिना चढू शकत नाही."

बाईने पाकीट पर्समध्ये टाकलं. दोघं-तिघं खोक्यात आपल्या गोळ्या शोधू लागले. बाकीचे मात्र काकांवरच उखडले, "आमचं बरं चाललेलं बघवत नाही का!" मदतनीस मान वळवून उभी राहिली. काकांनी ओल्याच पायांनी चपला चढवल्या.

"माहीत होतं, तर गेलात कशाला?" त्याच संध्याकाळी दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"तिथे कोणीतरी पाय पुसायचं."

त्यांनी काकांचे सुजलेले घोटे हाताने तपासले. मग गोळ्या पुन्हा लिहून दिल्या, रक्त तपासायला सांगितलं, हलका व्यायाम दाखवला. दुकानातून परस्पर वेदनाशामक घ्यायचं नाही, त्याने आतडं आणखी बिघडू शकतं. आणि रक्त दिसलं तर त्याच दिवशी यायचं. "आणि काका, घरच्या माणसाला सांगा."

चमत्कार दाखवणारा भेटला, तर आधी आपले पाय बाहेर काढून पाहावं, एवढंच सांगणं. पाणी तरीही रंग बदलत असेल, तर दोष आपल्या शरीरात नाही, त्याच्या डबीत आहे. पण एकटेपणाने मन थकलं, की शहाणी माणसंही पाय आत ठेवतात; म्हणून शेजारच्या माणसाची विचारपूस आपणच करावी, ती जलतज्ज्ञावर सोडू नये.

रविवारी फोन वाजला. "कसे आहात, बाबा?"

काकांच्या ओठांवर नेहमीचं उत्तर आलं होतं. ते त्यांनी गिळलं.

"बरा नाहीये गं," ते म्हणाले. "वेळ आहे का तुला? सगळं सांगतो."